पुन्हा एकदा, प्लीज

शनिवार, १४ मार्च १९८७, उत्तर आयर्लंड

शी! स्वतःचीच किळस येतेय. ब्रिटिश आर्मीने आयर्लंडच्या सीमेवरचा रस्ता खांद्याएवढी काँक्रीटची भिंत घालून बंद केलाय. फोटो काढत तिथे पोचलो, तर एक म्हातारी भिंतीवरून पलीकडच्या बहिणीला सूपचा डबा देत होती. मी म्हटलं, "पुन्हा एकदा, प्लीज." तिने डबा परत घेतला, पुन्हा दिला. उजेड नीट नव्हता म्हणून तिसऱ्यांदा द्यायला लावला. या वेळी झाकण निसटलं, गरम सूप भिंतीवर ओघळलं.

घरी इंग्लंडात, कॉव्हेंट्रीत आमच्या मराठी लग्नांत नवरानवरीला पुन्हा हार घालायला लावणाऱ्या फोटोग्राफरला मी शिव्या घालतो. आणि मी? सूप ओघळतानाही बटण दाबलंच.

म्हातारी रिकामा डबा पुसत म्हणाली, "सॉरी, बाळा. फोटो बिघडला का?"