रत्नमालेची शेवटची सोळा पानं

पुनर्वसन गावठाण, ता. पवनी, जि. भंडारा
बुधवार, १९ नोव्हेंबर

आदरणीय जीवनदादा यांना धाकटा आतेभाऊ तेजरामचा सविनय जयभीम.

तुमची शुगर ताब्यात असेल आणि वहिनींचा गुडघा त्यांना जिना चढू देत असेल अशी आशा करतो. इकडे सर्व खुशाल आहेत, म्हणजे मी सोडून सर्व. धान कापून झालं, भारे बांधीतच आहेत, सूनबाई रीना बरी आहे (जरा जास्तच बरी आहे, ते पुढे येईलच). माझं मात्र नऊ दिवसांपासून जेवणावरून मन उडालं आहे. तुम्ही म्हणाल, खिशात मोबाईल असताना हा शहाणा पत्र काहून लिहून राहिला? त्याचं असं आहे दादा, की आमच्या गावठाणात रेंज येते ती फक्त पाण्याच्या टाकीजवळ, आणि तिथं सदा दहा माणसं उभी असतात (बाया पाण्यासाठी, पोट्टे रेंजसाठी). तिथं बोललेलं संध्याकाळपर्यंत पवनीला पोहोचते. आणि ही गोष्ट कोणालेच कळता कामा नये. पाहा, 'कोणालेच' लिहिलं. शुद्ध लिहायचं ठरवून बसलो होतो, एकोणतीस वर्षं पाटबंधारे उपविभागात आवक-जावक सांभाळली आहे, पण जीव घाबरला की मले आपलीच बोली येते. आता येते तशी येऊ द्या.

तर मागच्या सोमवारी हयातीचा दाखला द्यायले मी भंडाऱ्याले आलो होतो. (तुमच्याकडे आलो नाही याचा राग मानू नका, त्या दिवशी मी माणसात नव्हतो.) जिवंत असल्याचा अंगठा देऊन बाहेर पडलो आणि तुमच्या घरामागच्या गल्लीत ते पुस्तकाचं दुकान आहे ना, त्याच्यासमोर मरता मरता वाचलो. काचेमागे, जिथं एरवी पोलीस भरतीचे गाईड असतात, तिथं भगीरथ सोनकुसरे. एक पुस्तक नाही दादा, थप्पी. थप्पीवर थप्पी.

तुम्ही पेपराशिवाय काही वाचत नाही म्हणून सांगतो. सोनकुसरे म्हणजे आमचे लेखक. पाच कादंबऱ्या लिहून ते गेले, त्यांच्यामागे छापणाराही दुकान बंद करून गेला, आणि तेव्हापासून त्यांचं पुस्तक कुठं म्हणता कुठं मिळालं नाही. याच दुकानात मी दर नोव्हेंबरात विचारायचो आणि मालक दर नोव्हेंबरात 'कोण सोनकुसरे?' म्हणायचा. खरं सांगू का, मले मनातून बरंच वाटायचं. अख्ख्या भंडारा जिल्ह्यात सोनकुसरे फक्त आपल्या गावठाणाले ठाऊक, असं म्हणत मी ताठ मानेने एसटीत बसायचो. आता तोच मालक मले म्हणते, 'काका, लई चालून राहिले हे, पाचही आल्या, कोणती देऊ?' कोण्यातरी पोरांनी मोबाईलवर त्यांची तारीफ केली, कोणी नवीन प्रकाशक निघाला, आणि झालं. मी पायरीवर बसलो. मालकाने पाणी आणलं. एका बाईनं मले फीट आली समजून थैलीतला कांदा फोडून नाकाले लावला. तुम्ही म्हणाल, आवडत्या लेखकाचं पुस्तक मिळालं तर माणूस पेढे वाटते, हा पायरीवर काहून बसला. तेच सांगून राहिलो.

तेरा वर्षांआधी आमचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात जाणार म्हणून आम्ही उठलो, तेव्हा विहारातल्या वाचनालयाची ट्रंक बायजाबाईंच्या ट्रॅक्टरवर होती. (बायजाबाई म्हणजे वाचनालयाच्या चावीच्या धनी. शिकल्या सातवी, पण ट्रंकेतलं एकूणएक पुस्तक दोन-दोनदा वाचलं. आता ऐंशीच्या घरात आहेत, चावी अजून कमरेलेच आहे.) बाबासाहेबांची सगळी पुस्तकं सुखरूप आली. फक्त सोनकुसऱ्यांच्या 'डोंग्यातली पाहुणी'ची शेवटची सोळा पानं आली नाहीत. सर्वजण धरून चालले की सामान चढवताना पडली असतील आणि गावासंगं पाण्यात गेली असतील. त्या पुस्तकात रत्नमाला नावाची बाई आहे. नवऱ्यानं टाकलेली, भावानं दार लावलेली, गाव सोडून निघालेली. दोनशे बाराव्या पानावर ती गाठोडं घेऊन डोंग्यात बसते, नदीले पूर आला आहे, आणि डोंगेवाला विचारते, 'बाई, मांगं फिरू का पुढं जाऊ?' तिथं पान संपते. आमचं पुस्तकही तिथंच संपते.

घरं मिळेपर्यंत टिनाच्या शेडात राहायचे दिवस होते ते. माणसाचं कशातच मन लागत नव्हतं, आणि त्यात ही रत्नमाला पुरात लटकलेली. आपला डोमा, जो वैनगंगेत मासे धरते, त्याले वाचता येत नाही, त्याने पुस्तक माझ्या तोंडून ऐकलं होतं. तो रोज सकाळी येऊन विचारायचा, 'मंग बाई कोन्या काठाले लागली?' एक दिवस माझ्या तोंडून निघून गेलं, 'अरे, मी वाचलं ना पूर्ण. ती परत आली.' दादा, मी वाचलं नव्हतं. दोनशे बारापर्यंत आलो होतो आणि गाव खाली करायची नोटीस आली.

झालं. त्या दिवशी शेडात शंभर माणसं बसली आणि मी शेवट सांगितला. पाच मिनिटांचा होता. रत्नमाला परत येते, गाव जसंच्या तसं असते, तिची म्हैस तिले ओळखते. माणसं रडली. तेव्हापासून रिवाजच पडला. गाव सोडल्याच्या दिवशी वंदना होते, मग खिचडी चढते, आणि खिचडी शिजेपर्यंत 'तेजराम, शेवट सांग.' दरवर्षी कोणी ना कोणी काही विचारते, मी उत्तर देतो, पुढच्या वर्षी ते शेवटात घालावं लागते. पाच मिनिटांचा शेवट आता पावणेदोन तासांचा झाला आहे. (खिचडीही आता तितकी उशिरा चढवतात.) म्हशीचं नाव मैना ठेवलं. रत्नमालेनं कोर्टात केस जिंकून शेत नावावर करून घेतलं. ती गावात शिरते तेव्हा मी एकेक घर सांगतो, चिंच कुठं, विहीर कुठं, कोणाची ओसरी कुठं. ते गाव सोनकुसऱ्यांचं नाहीच दादा, आमचंच आहे, आणि ज्याचं घर येते तो मान खाली घालून ऐकते. गावठाणात रत्नमाला नावाच्या चार पोरी आहेत. आता तुम्हीच सांगा, पायरीवर नाही बसू तर कुठं बसू?

मी एक प्रत विकत घेतली, धोतराच्या घडीत घालून आणली आणि तांदळाच्या कोठीत लपवली. दुसऱ्या दिवशी रीना शेतावर गेल्यावर काढून वाचली. रत्नमाला दोनशे तेराव्या पानावर बुडते. तीन ओळींत. पुढची पंधरा पानं सोनकुसरे नदीविषयी आणि जीवनाविषयी बोलतात (तुमच्याविषयी नाही). मले असा राग आला त्या माणसाचा, वाचनालयात लावलेला ज्याचा फोटो मी तेरा वर्षं स्वतः पुसला त्याचा, की मी पुस्तक कोठीत परत खुपसून वरून दोन पायल्या तांदूळ टाकले. एका बाईले वाचवायला याचं काय जात होतं?

मग मले जिकडं तिकडं सोनकुसरे दिसायले लागले. अड्याळच्या पानठेल्यावर माणूस एका हाताने तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून राहिला होता आणि दुसऱ्या हातात 'डोंग्यातली पाहुणी'. (सत्तराव्या पानावर होता, मी पाहून घेतलं.) पवनीत स्टेशनरीच्या दुकानात आठ प्रती. मी इकडं तिकडं पाहून त्या आठही दहावीच्या प्रश्नसंचामागे सरकवल्या. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहतो तर मालकाने त्या काढून गल्ल्यासमोर मांडलेल्या. म्हणे, 'कोणीतरी सारखं हाताळून राहिलं, मागणी दिसते.' त्याने आणखी वीस मागवल्या. म्हणजे पवनीतल्या वीस प्रतींचा गुन्हेगार मीच आहे.

आणि काल, जे व्हायचं होतं ते झालं. रीना पवनीवरून आली ती पुस्तक नाचवतच आली. तिनं ते उघडलंसुद्धा नव्हतं. तिचं म्हणणं, पहिल्यांदा वाचायचं ते सर्वांसमोर. येत्या रविवारी गाव सोडल्याचा दिवस आहे, तर विहारात बायजाबाईंच्या अध्यक्षतेखाली ती हरवलेली सोळा पानं स्वतः रीना मोठ्यानं वाचणार, आणि ज्या माणसानं तेरा वर्षं शब्दन् शब्द शेवट ध्यानात ठेवला त्याचा, म्हणजे माझा, शाल देऊन सत्कार होणार. शाल आलीसुद्धा आहे. मरून कलरची. डोमा रस्त्यात भेटून म्हणाला, 'तेजराम, आता कोनी म्हनू शकत नाई का तू खोटा हायस म्हनून.' दादा, मले आजवर कोणीच खोटा म्हटलं नव्हतं. आणि मी खोटा निघालो त्याचं एवढं नाही, पण डोमाले रविवारी रत्नमाला बुडताना ऐकावी लागेल आणि ते त्याच्या मरेपर्यंत लक्षात राहील, याने माझा जीव खाली-वर होऊन राहिला.

असो. वडीलधाऱ्यांना जयभीम, लहानांना आशीर्वाद. वहिनींना म्हणावं गुडघ्यावर एरंडाचं पान बांधा.

आपला,
तेजराम

ता. क. तुम्ही रविवारी सकाळी दहा वाजता रीनाच्या मोबाईलवर फोन करा (तेव्हा ती टाकीजवळ पाणी भरत असते) आणि तुमची तब्येत बिघडली, तेजरामले लगेच पाठवा, एवढंच म्हणा. आजार लहान सांगा. मागच्या वेळी तुम्ही हृदयाचं सांगितलं आणि माझ्यासंगं जीप भरून चौदा माणसं आली होती.

ता. क. २. फोन करू नका. आज रविवारच आहे. तिकीट नाही म्हणून पत्र खिशातच राहिलं आणि मी पहिल्या रांगेतच राहिलो, अंगावर मरून शाल घेऊन. रीनानं दोनशे तेरावं पान उघडलं, घसा साफ केला, आणि बायजाबाई म्हणाल्या, 'मिटव ते पुस्तक.' मग त्या बसल्या जागेवरून सांगू लागल्या. 'ते पानं पान्यात गेली नाई. टॅक्टरवर बसल्या बसल्या मीनंच फाडली. मीनं वाचली होती. आपलं गाव बुडून राहिलं होतं, मंग तिलेबी कायले बुडवाचं? पयल्या दिवशी शेडात चूल पेटून नोती राहिली, त्याच पानायनं पेटवली.' माझ्याकडे पाहून म्हणाल्या, 'हा खोटं सांगून राहिला हे मले पयल्याच दिवशी मालूम होतं. पन म्हैस बरी टाकली यानं.' मी वर पाहू शकलो नाही दादा. शाल काढून ठेवावी का, एवढंच मनात. तेवढ्यात मागून डोमाचा आवाज आला, 'मंग सांग ना बाप्पा. मैनेपासून सांग.' मी सांगितला. दोन तास दहा मिनिटं लागली. खिचडी खाली लागली, पण कोणी उठलं नाही.

ता. क. ३. रीनाची प्रत बायजाबाईंनी वाचनालयात जमा करून घेतली. आता ती दोनशे बारा पानांची आहे. माझी कोठीतलीही त्यांनी मागून नेली (तांदळाखाली आहे हे त्यांना कसं कळलं, ठाऊक नाही). बाकी पुस्तक फार चांगलं आहे, त्याले हात लावायचा नाही, असं त्यांचं म्हणणं आहे. तुमच्या घरामागच्या दुकानात मी मोजल्या होत्या, अठरा प्रती आहेत, तेवढ्या तुम्ही घेऊन ठेवा. आणि बायजाबाईंनी विचारलं आहे, जीवनच्या घरी गॅसच आहे, का एखादी चूलही आहे?