‘बऱ्यापैकी’ अनुभव

रविवार, संध्याकाळ

खांदे उचलत नाहीत. खाडीतल्या कयाकसहलीच्या (वल्ह्याची अरुंद होडी) फॉर्मवर ‘अनुभव’पुढे मी ‘बऱ्यापैकी’ लिहिलं. अनुभव कसला, तर तलावातली पॅडलबोट. जन्मभर संस्कृत शिकवलं, त्यात सत्याला इतके शब्द, एकही सुचू नये?

ओहोटी लागली आणि कळव्याच्या पुलाशी मी दमलो. नवशिक्यांना सांभाळणारी आमची गाइड प्रणाली त्यांना सोडून मला ओढायला आली, तेवढ्यात त्या नवशिक्यांतल्या, आमच्या घराशेजारच्या सामंतबाई उलटल्या. लाइफ जॅकेटमुळे वाचल्या.

“काका, खरं लिहिलं असतंत तर तुम्हालाही माझ्याजवळच ठेवलं असतं,” प्रणाली एवढंच म्हणाली. ‘बऱ्यापैकी’ लिहायला कुणी सांगितलं होतं मला?

परतताना सामंतबाई कुडकुडत म्हणाल्या, “तुम्हाला येतं, म्हणून तर मी आले हो. पुढच्या वेळी तुमच्याच बाजूला राहीन.”

मी हो म्हणालो. सकाळी त्यांच्याकडे जाऊन खरं सांगायला हवं. त्यांनी चहा टाकायच्या आत, नाहीतर पुन्हा राहून जाईल.