इकडे एक, तिकडे एक

दि. ४ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही तिघंही मजेत. तुमची भोवळ कशी आहे ते न लपवता लिहा. मागच्या पत्रात स्वतःच्या तब्येतीला तुम्ही एक ओळ दिलीत आणि घड्याळजींच्या खोकल्याला अख्खं पान, त्यावरून काय ते मी समजले.

सोबत एक पार्सल पाठवलंय. त्यात साबणाच्या वडीएवढ्या दोन पांढऱ्या डब्या आहेत, मागे प्लगच्या पिना असलेल्या. घड्याळजींनी खाली दुकानात फायबर घेतलं, पण त्यांचं वायफाय काही जिना चढून तुमच्या खोलीत येत नाही, ही आपली जुनी रड आहे. या डब्या विजेच्या तारांतूनच इंटरनेट नेतात. नवी वायर ओढायला नको की भिंत फोडायला नको. घड्याळजींना मी विचारलंय, त्यांची काही हरकत नाही. डब्यांची जोडी आहे. एक इकडे लावायची, एक तिकडे. दोन्हींवर हिरवा दिवा लागला की आपण जोडले गेलो. मग तुमच्या कॉम्प्युटरवर आम्ही दिसू.

एवढी घाई का, ते सांगते. ठकीला बोल फुटलेत. तुमच्या फोटोसमोर उभी राहून ती तुम्हाला हाक मारते, पण आजोबा अशी नाही. उलटं करून 'बाजो' म्हणते. तुम्हाला ऐकू येणार नाही, पण ओठ तर तुम्ही माझ्या लहानपणापासून वाचत आलात, माझी एकही चुगली तुमच्यापासून सुटली नाही. ही हाकही तुम्हाला दिसेल. मी व्हिडिओ करून पाठवणार होते, पण मोबाइल समोर धरला की ती तोंड घट्ट मिटते आणि मोबाइलच हिसकावते. तुम्ही समोर दिसलात तरच बोलेल. रोज नवा शब्द शिकतेय, त्यामुळे ही हाक किती दिवस टिकेल देव जाणे.

वॉर्डात माझी सध्या डबल ड्यूटी आहे, रजेचं नावही काढता येत नाही. डॉक्टरांनी तुम्हाला प्रवासाला मनाई केली नसती तर तुम्हालाच उचलून आणलं असतं. लोभ आहेच, तो असाच राहू द्या.

तुमची,
बायो


दि. १३ फेब्रुवारी

चि. सौ. बायो हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र आणि पार्सल दोन्ही पोचले. भोवळ आहे तशीच आहे, वळताना जरा भिंतीला हात लावतो. घड्याळजींचा खोकला बरा आहे. आता तू दोघांनाही एकेक ओळच दिली म्हणून तक्रार करू नकोस.

डब्या फार सुबक आहेत. तू लिहिलेस तसेच केले. माझ्याकडची डबी खोलीत लावली. तुझ्याकडची काल पोस्टाने रवाना केली आहे. तिला आधी पुठ्ठ्याची पेटी करून घातली, वरून बाइंडिंगचे कापड चढवले, कोपऱ्यांना दुहेरी पट्टी मारली. छापखान्याच्या बाइंडिंग खात्यात जन्म काढला आहे, माझे पार्सल रस्त्यात उसवायचे नाही. विजेच्या तारा सगळीकडे एकमेकींना जोडलेल्याच असतात हे मला ठाऊक होते, पण त्यातून माणसेही दिसू शकतील हे कुणाच्या डोक्यात आले असेल, त्याला सलाम. घड्याळजींना तू यात कशाला विचारलेस ते मात्र कळले नाही.

त्यांना मी ही गंमत लिहून दाखवली तर त्यांनी उत्तर लिहिले की एवढे कशाला, दुकानात येऊन बसा, माझ्या मोबाइलवर नातीला बघा. माणूस मनाने चांगला आहे. पण मी नको म्हटले. माझा आवाज किती चढतो हे मला कळत नाही, गिऱ्हाइके वळून बघतात तेवढे कळते. नातीशी पहिले बोलणे असे चारचौघांत ओरडून करायचे नाही. आपल्या खोलीत, दार लावून बोलेन.

आरशासमोर सराव चालू आहे. आजोबा म्हणताना तोंड आधी उघडते आणि ओठ मिटतात ते शेवटी. बाजो म्हणताना ओठ पहिल्यांदाच मिटतात आणि मग मिटतच नाहीत. अगदी वेगळी दिसते हाक. सबंध जगात मला असे कुणी म्हटलेले नाही. छापखान्यात मास्तर म्हणत, तुझी आई अहो म्हणे, तू बाबा म्हणतेस, पण ही सगळी नावे आणखी हजार जणांना आहेत. हे एक माझे एकट्याचे.

माझ्या डबीवर तूर्त नारिंगी दिवा आहे. तुझी डबी पोचून लागली की हिरवा होईल. जेवताना पानही डबीसमोरच घेतो. जावईबापूंना आशीर्वाद, ठकीला गोड पापा. लोभ वाढता असो.

तुझा,
बाबा


दि. २४ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पार्सल वॉर्डाच्या पत्त्यावर आलं. कपडे बदलायच्या खोलीत उघडलं आणि आतली डबी बघून इतकी हसले की बाकीच्या नर्स गोळा झाल्या. मग तुमचं पत्र पुन्हा काढून वाचलं, डबीसमोर पान घेऊन बसता ते वाचलं, आणि हसू कुठल्या कुठे गेलं.

चूक सगळी माझी. लिहिताना मी मनाने तुमच्या जिन्यात उभी होते. तिकडे म्हणजे खाली दुकानात आणि इकडे म्हणजे वर तुमच्या खोलीत, असं मला म्हणायचं होतं. पण पत्रात इकडे म्हणजे लिहिणाऱ्याकडे आणि तिकडे म्हणजे वाचणाऱ्याकडे, हे तुम्हीच मला शिकवलंत. तुम्ही बरोबर वाचलंत, मीच चुकीचं लिहिलं. बाबा, या डब्या एकाच घरातल्या तारांवर चालतात. एका गावाहून दुसऱ्या गावाला त्यांचं काही पोचत नाही.

घड्याळजींना फोन करून हे तेव्हाच सांगता आलं असतं. पण ते वर येऊन कागदावर लिहून दाखवणार आणि तुम्हाला वाटणार की लेकीने परक्यासमोर वेड्यात काढलं. म्हणून पत्रच लिहिते आहे. डबी आजच परत पाठवतेय, तुमच्याच पेटीतून, कारण तिच्याइतकी मजबूत पेटी इथे मिळायची नाही.

आता नीट सांगते. एक डबी दुकानात, फायबरच्या यंत्राशेजारी लावायची आणि सोबतच्या वायरने त्याला जोडायची. दुसरी तुमच्या खोलीत, कॉम्प्युटरला जोडून. दोन्ही थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये. तुमच्या त्या लांबलचक एक्स्टेंशन बोर्डावर अजिबात नको, त्यावर यांचं चालत नाही.

आणि एक विनंती. पार्सल येईपर्यंत एकदा दुकानात जाऊन बसा ना. आवाज चढला तर चढू दे. ठकी आता पाळणाघरात जाते, तिथल्या बाई फार हौशी आहेत, प्रत्येक शब्द घोटून घेतात. परवापासून पाणीला पाणी म्हणायला लागली, इतके दिवस निपा म्हणत होती. ऐकाल का माझं?

तुमची,
बायो


दि. १२ मार्च

चि. सौ. बायो हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

डबी सुखरूप पोचली. तू मला वेड्यात काढले नाहीस हे खरे, पण मी आपला आपणच निघालो. घड्याळजींना मीच लिहून दाखवले. ते इतके हसले की डोळ्याला लावलेले भिंग खाली पडले. मग मलाही हसू आले.

त्यांच्याकडची डबी लगेच लागली. माझ्या खोलीत मात्र भिंतीतले सॉकेट कागद कापायच्या यंत्रामागे आहे आणि ते लोखंडी धूड एकट्याने हलत नाही. तू बजावले होतेस तरी वाटले, तूर्त बोर्डावर लावून बघू, बोर्डातही वीजच आहे. दिवा नारिंगी तो नारिंगीच. रोज उठून तो बघायचा आणि चालेल उद्या म्हणायचे, असे बरेच दिवस काढले. यंत्र हलवायला मदत मागायचीही लाज वाटत होती. शेवटी काल घड्याळजी आपणहून वर आले, दोघांनी मिळून यंत्र सरकवले, डबी भिंतीत लावली आणि दिवा हिरवा झाला. मला भोवळ आल्यासारखे झाले, पण ती भोवळ नव्हती.

दुकानात जाऊन बसलो नाही. त्याबद्दल रागावू नकोस. येत्या रविवारी संध्याकाळी बसूया. हे पत्र वेळेत पोचेल न पोचेल, म्हणून घड्याळजी तुला फोनही करणार आहेत. नवा सदरा घालू की नेहमीचा, ते त्यांच्याकडेच सांग. लोभ असू दे, राग नको.

तुझा,
बाबा


दि. २० मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

किती बरं वाटलं म्हणून सांगू. निळा सदरा शोभून दिसत होता. वाळलात मात्र, तो विषय पुढच्या पत्रात काढते. चित्र एकदाही अडकलं नाही. हे म्हणत होते की डब्या अगदी छान काम करतायत. तुम्ही शेजारच्या इमारतीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोललात आणि ठकीला त्याचीच जास्त मजा वाटली. रात्री झोपेपर्यंत तुमच्यासारखं ओरडत होती.

तिने तुम्हाला बाजो म्हटलं, दिसलं ना? माझा तर ऊर भरून आला. शेवटी जमलं आपलं. आता दर रविवारी बसायचं. काळजी घ्या, लोभ आहेच.

तुमची,
बायो


दि. २९ मार्च

चि. सौ. बायो हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडील सर्व क्षेम. इकडे म्हणजे माझ्याकडे, बरे का.

पोर देखणी आहे. नाक तुझ्या आईचे, हट्ट तुझा. मला बघून ती पळाली नाही, लाजली नाही, थेट काचेपाशी येऊन हाक मारली. तिचे तोंड आधी उघडले आणि ओठ मिटले ते शेवटी. तीनदा म्हणाली, तीनही वेळा तसेच. पाळणाघरातल्या बाईंनी चांगले घोटून घेतले आहे, त्यांना दोष नाही. मुलांनी नीट बोलावे, यासाठीच तर सगळी धडपड असते.

मी हसत राहिलो, कारण तू माझ्याकडे बघत होतीस. नंतर संगणक बंद केला आणि बराच वेळ यंत्रावर हात ठेवून उभा राहिलो. माझी एक हाक होती आणि ती मला चुकली, बायो. पोस्टाने चुकली नाही की डबीने चुकली नाही. खाली दुकानात दिवसभर उघडे दार होते, आणि गिऱ्हाइके काय म्हणतील म्हणून मी जिना उतरलो नाही. माझा आवाज लोक विसरून गेले असते. या गोष्टीचे मला फार वाईट वाटते आणि ते वाटतच राहणार, हे तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

तू पत्रात खोटे लिहिलेस. माझ्यासाठी लिहिलेस, म्हणून रागावत नाही. पण तू एक विसरलीस. चित्रात ठकीच्या मागे तू होतीस, तिच्या खांद्यावर वाकून तिच्या कानात काही सांगत होतीस. तुला वाटले मला ऐकू जात नाही. तुझे ओठ मी तू एवढीशी होतीस तेव्हापासून वाचतो. ओठ पहिल्यांदाच मिटत होते आणि मग मिटत नव्हते. पुन्हा पुन्हा तेच म्हणत होतीस, आणि तुझे डोळे भरले होते.

तेव्हा हाक मला मिळाली असेच धर. रविवारी बसू. ठकी आजोबा म्हणेल, मी मोठ्याने ओ देईन. लोभ तुम्हा दोघींचाही असू द्या.

तुमचा,
बाजो