डायरेक्ट सेकंड इयर

आई,

काल दुकानात नाशिकच्या एक बाई आल्या होत्या. मी औषधांच्या दुकानात मागच्या खोलीत काम करते. म्हाताऱ्या माणसांच्या गोळ्या वारांप्रमाणे खणांत भरायच्या आणि आठवड्याची पाकिटं सील करायची, हे माझं काम. पण मराठी बोलणारं कुणी आलं की पुढच्या मुली मला हाक मारतात. खोकल्याचं औषध घेऊन झालं तरी बाई हलेनात. भाचा येणार आहे म्हणाल्या, इथे न्यूझीलंडला डिप्लोमा करेल आणि मग युनिव्हर्सिटीत डायरेक्ट सेकंड इयरला जाईल. मी म्हटलं, "काकू, इथे तसं नसतं हो." त्यांनी माझ्याकडे, माझ्या एप्रनकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तुम्हाला नसेल मिळालं." आणि गेल्या. राग आला, पण बोलायला तोंड कुठे होतं? तुला जाऊन सहा वर्षं झाली. जे तुला कधीच सांगितलं नाही ते आज लिहून काढते आहे.

पॉलिटेक्निकच्या स्टुडंट सेक्शनमध्ये तू आयुष्य काढलंस. निकाल लागला की आपल्या स्वयंपाकघराचं अर्धं ऑफिस व्हायचं. ओट्याजवळच्या टेबलावर मुलांच्या फायली, एका बाजूला तू मेथी निवडते आहेस, समोर कुणीतरी घामाघूम मुलगा मार्कशीट हातात धरून बसला आहे, आणि तू मान वर न करता विचारते आहेस, "नॉन-क्रीमी लेअर काढलंस का? मग आलास कशाला? आधी ते काढ." पोहे मात्र त्याला मिळायचेच. डिप्लोमा झालेल्या मुलांना इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला घेतात, हा नियम तुला देवाच्या आरतीसारखा पाठ होता, आणि तुझ्या हातून फॉर्म भरलेला मुलगा कागदावरून कधी अडला नाही. मी दहावीत असताना एका मुलाला दारातूनच सांगून टाकलं होतं की अजून तारीख आहे, उद्या या. त्यावरून तू मला त्याच्यादेखत झापलंस. "माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं. तुझ्या एका शब्दानं पोरांचं वर्ष जातं." मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नव्हते.

बारावीला माझी गणितात वाट लागली तेव्हा तू रडली नाहीस, कामाला लागलीस. न्यूझीलंडचं खूळ माझं होतं, पण त्याचा रस्ता तू आखलास. ऑकलंडला कॉम्प्युटरचा दोन वर्षांचा डिप्लोमा, मग युनिव्हर्सिटीत डायरेक्ट सेकंड इयर. "सगळीकडे तेच असतं गं. डिप्लोमा तो डिप्लोमा. मी काय आजच करते आहे का हे काम?" पुण्याच्या एजंटने नुसती मान डोलावली. तुला दुजोरा हवा होता, त्याला गिऱ्हाईक. मी एकोणीस वर्षांची, आणि प्रवेशाच्या बाबतीत तू चुकशील हे माझ्या डोक्यातही आलं नाही. निघताना सगळ्यांच्या आयांनी लोणची आणि मसाले दिले. तू दिलीस ती निळी फाईल: प्रत्येक कागद प्लास्टिकच्या खोळीत घातलेला, प्रत्येकाच्या तीन-तीन साक्षांकित प्रती, वर तुझ्या ठसठशीत अक्षरात यादी. विमानात ती मी मांडीवर घेऊन बसले होते.

दोन वर्षं मी झटून अभ्यास केला, हे मात्र खरं. पापाटोएटो या उपनगरातून गाडीने शहरात यायचं, दोन मजली इमारतीतल्या त्या इन्स्टिट्यूटमध्ये दुपारपर्यंत वर्ग, मग एका डेअरीत काउंटरवर उभं राहायचं. डेअरी म्हणजे दूधकेंद्र नव्हे, इथे कोपऱ्यावरच्या दुकानाला तसं म्हणतात, हे तुला पहिल्याच फोनवर सांगितलं होतं आणि तू खूप हसली होतीस. दोन हजार बाराच्या नोव्हेंबरात निळी फाईल घेऊन मी युनिव्हर्सिटीच्या ऑफिसात गेले. काउंटरवरची बाई फार प्रेमळ होती. "किया ओरा" म्हणाली, म्हणजे इथला नमस्कार, आणि खुर्ची दिली. तुझ्या तीन प्रती तिने कौतुकाने पाहिल्या आणि तशाच परत ठेवल्या. तिला हवं होतं ते फायलीत नव्हतं. एकेका पेपरला, म्हणजे विषयाला, आठवड्यागणिक नेमकं काय शिकवलं, कुठलं पुस्तक, परीक्षा कशी, ते कागद. मी म्हटलं, पण माझा डिप्लोमा पूर्ण झालाय. ती म्हणाली, हो, अभिनंदन, पण इथे डिप्लोमा मोजत नाहीत, पेपर मोजतात. आमच्या पेपरशी जो जुळेल तेवढाच माफ. "लीव्ह इट विथ मी," म्हणाली, म्हणजे बघते मी काय होतं ते. इन्स्टिट्यूटने प्रत्येक पेपरची चार-चार ओळींची माहिती दिली, त्यापलीकडे त्यांच्याकडेही काही नव्हतं. ती मी नेऊन दिली. तीन आठवड्यांनी ईमेल आला. सोळांपैकी दोन पेपर जुळले होते. प्रवेश होता, पण पहिल्या वर्षाला, परदेशी विद्यार्थ्याच्या फीने, पहिल्यापासून. म्हणजे नव्हताच.

मी ईमेल गाडीत वाचला. रडायला आलं नाही, तुझा राग आला. एवढी हुशार तू, साऱ्या गावाला नियम सांगणारी, आणि एक पत्र टाकून विचारलं नाहीस! मग वाटलं, मी तरी कुठे विचारलं? आल्यापासून ते ऑफिस माझ्या गाडीच्या शेवटच्या स्टेशनपासून दहा मिनिटांवर होतं. दोन वर्षांत एकदाही पायरी चढले नाही, कारण आईने सांगितलं होतं.

त्याच महिन्यात तुझं पोटाचं दुखणं साधं नाही हे कळलं. बाबांनी आधी फोन घेतला आणि दबक्या आवाजात म्हणाले, तिला आनंदाचं काहीतरी सांग. मग तू फोनवर आलीस. आवाज बारीक झाला होता, पण प्रश्न तोच, ऑफिसातला.

"काय झालं गं? घेतलं का सेकंड इयरला?"

"घेतलं."

"मी म्हटलं नव्हतं?" तू म्हणालीस. त्यात एवढं सुख होतं की मी पुढचं काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी तू बाबांना पेढे घेऊन ऑफिसात पाठवलंस.

इथवर असतं तर मी स्वतःला माफ केलं असतं. मरणाऱ्या माणसाशी कोण खरं बोलतं? पण फेब्रुवारीत तू फोनवर खुशीत होतीस. आपल्या सेक्शनचे मामा, शिपाई म्हणून तुझ्या टेबलाशेजारी इतकी वर्षं स्टुलावर बसलेले, त्यांची धाकटी मुलगीही येणार होती. माझ्याच इन्स्टिट्यूटमध्ये. "तुझंच उदाहरण दिलं मी. मामा घाबरत होते, म्हटलं आमची गेली ना डायरेक्ट सेकंड इयरला, मग?" फॉर्म तू अंथरुणात बसून भरून दिला होतास. अजून फी भरलेली नव्हती. मला सगळं कळत होतं, आई. मामांना एक फोन, पाच मिनिटांचा. पण मामा ते तुझ्यापासून लपवू शकले नसते, आणि तुला कळलं असतं. मी "अरे वा" म्हटलं. मग मार्च गेला, एप्रिल गेला, मेमध्ये तू गेलीस. मी पोहोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. तुला खांदा दिलेल्यांत मामा होते, आणि मला पाहून तेच सगळ्यांत जास्त रडले. त्या दहा दिवसांतही मी त्यांना काही सांगितलं नाही. मुलीचा व्हिसा आलेला होता.

जुलैत ती आली. मीच विमानतळावर गेले होते. जाड भिंगांचा चष्मा, दोन वेण्या, हातात फाईल. तीही निळीच, वर यादी तुझ्या अक्षरात, शेवटी शेवटी अक्षर वाकडं झालेलं. महिनाभर ती माझ्याकडे राहिली. रोज सकाळी डेअरीचा टीशर्ट घालून मी निघायचे, तेव्हा ती बघायची. शेवटी एका रविवारी चहा पिताना तिने विचारलं, "ताई, तुमचं कॉलेज कधी असतं?"

मग सांगितलं. डिप्लोमा मोजत नाहीत, पेपर मोजतात, दोनच जुळले, सगळं. तिने चहाचा कप खाली ठेवला. म्हणाली, "पण काकू तर म्हणाल्या होत्या, तुम्हाला मिळालं म्हणून. त्यांना कुणी सांगितलं?"

तेव्हा मी म्हटलं, "आईचा गैरसमज झाला होता. शेवटी शेवटी तिला नीट कळत नव्हतं."

आठवड्याभरात तिने खोली बदलली. डिप्लोमा पुरा केला तिने, पुढे ख्राइस्टचर्चकडे गेली, हॉर्नबीला कुठल्याशा कारखान्यात पॅकिंगला आहे असं कानावर आलं. मी डेअरीत कागदोपत्री मॅनेजर होऊन इथली कायमची रहिवासी, रेसिडेंट झाले. आता तुला इथल्यांचीच कमी फी लागेल, जा ना पुन्हा, असं लोक म्हणतात. ते दोन पेपरही आता जुने झालेत, आणि मला वर्गात बसायची इच्छाच उरली नाही.

तुझ्या वर्षश्राद्धाला मामा आले नाहीत. बाबा फोनवर म्हणाले, निरोप दिला होता, आजारी असतील. त्यानंतर रस्त्यात दिसले तरी ते मान वळवतात म्हणे. तुझ्या ऑफिसात तुझं नाव निघालं की काय म्हणत असतील, ते मी रोज गोळ्या भरताना मनात ऐकते: बाई चांगल्या होत्या, पण मामांच्या पोरीचं वाटोळं केलं. बाबा अजूनही मला विचारतात, असं काय झालं असेल गं? मी म्हणते, कुणास ठाऊक.

हे पत्र तुला पोहोचणार नाही म्हणूनच एवढं सरळ लिहिता आलं. पाठवायचं तर ते मामांना पाठवायला हवं. त्यांचा पत्ता माझ्याकडे आहे.