वरचं अर्धं दार

मंगळवार, तारीख नऊ

प्रिय ताईस,

धाकटीचा नमस्कार. वि. वि. तुझं पत्र पोचलं. आम्ही इकडे खुशाल आहोत, आणि या वेळी हे वाक्य मी नुसतं रीत म्हणून लिहिलेलं नाही. बाबा काल पोटभर जेवले. भावोजींचा खोकला थांबला का? मुलांना माझे पापे.

तू बजावलं होतंस, "धाकट्या सरकारांच्या लग्नाच्या मिरवणुकीच्या दिवशी मावशीकडे जा, नाहीतर निदान दार तरी लावून घे." मी मावशीकडे गेले नाही. दाराचं पुढे सांगते.

एव्हाना तुझ्या कानावर काहीबाही आलं असेल, तेही तिखटमीठ लावून. म्हणून सगळं मुळापासून लिहिते. बाबांवर चोरीचा आळ आला तेव्हा मी तुला अर्धीच हकीकत कळवली होती. चांदीच्या कड्यांचा लगाम आपल्या घरात सापडला, थोरल्या सरकारांनी बाबांना सगळ्या पागेसमोर चोर म्हणून हाकललं, एवढंच लिहिलं. तो लगाम घरात आला कसा, हे तू पुन्हा पुन्हा विचारलंस आणि मी हवापाण्याच्या गप्पांनी पान भरलं. तो मला त्यांच्याच मुलाने, धाकट्या सरकारांनी दिला होता.

काजळी घोडी आठवते ना? पागेतल्या भल्याभल्यांना तिने पाठीवरून फेकलं होतं. मी बाबांची विजार चढवून, दोन्हीकडे पाय टाकून तिच्यावर बसले आणि कुंपणाला फेरी मारून आले. पागेतले गडी हसले, बायकांनी तोंडात बोटं घातली, मावशीने माझ्या लग्नाची आशा त्याच दिवशी सोडली. धाकटे सरकार तेवढे हसले नाहीत. "मला शिकव," म्हणाले. मी शिकवलं. पुढे दुपारी बाबा पागेत असले की ते काजळीवरून घरी यायला लागले. एकदा तो लगाम माझ्या हातात ठेवून म्हणाले, "हा तुझा. तुझ्याशिवाय कोणाच्या हातात शोभायचा नाही." ताई, मी पाघळले. आणखी काय सांगू.

मग त्यांचं लग्न जहागीरदारांच्या मुलीशी ठरलं, आणि त्याच सुमारास पागेत लगामाची शोधाशोध सुरू झाली. बाबांना पागेत उभं केलं तेव्हा मी धावत गेले आणि सगळ्यांसमोर खरं सांगितलं. धाकटे सरकार तिथेच होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या गल्लीत मी कधी पाऊलसुद्धा टाकलेलं नाही. घोडे शिकवणाऱ्या चाबूकस्वाराच्या पोरीला मी लगाम कशाला देईन?" सगळे हसले. बाबांनी चाबूक खाली ठेवला. ज्या माणसाने जन्मात कधी घोड्याच्या तोबऱ्यातला दाणा उचलला नाही, त्याला त्यानंतर एकाही तबेल्याने उभं केलं नाही. टापा ऐकू आल्या की बाबा खिडकी लावून घ्यायचे. तेव्हाच मी ठरवलं, याचं उट्टं काढायचं.

आता दार. आपलं पुढचं दार आडवं दुभागलेलं, हे तुला ठाऊकच आहे. बाबा घरी नसले की मी वरचं अर्धं उघडं ठेवायची. ती आमची खूण. काजळी आत मान घालायची आणि मी तिला गाजर द्यायची. दार बंद असलं की ती थांबायची नाही. मोठ्या रस्त्यावरूनच कोपऱ्यावरचं दार बघायची, उघडं दिसलं की आपण होऊन वळायची. धाकट्या सरकारांना शेवटपर्यंत वाटायचं, आपणच तिला वळवतो. मीही कधी सांगितलं नाही. त्यांना केवढा अभिमान होता, घोडी नुसत्या मांडीच्या इशाऱ्यावर वळते याचा.

म्हणून तर मिरवणुकीला ते काजळीवर बसले.

लग्नमांडवाकडे निघालेली मिरवणूक मोठ्या रस्त्याने आली. पुढे वाजंत्री, मग ते, मागे नवरीची बग्गी, तिच्यामागे थोरले सरकार आणि जहागीरदार. मी वरचं अर्धं दार उघडलं. बाबा आत भिंतीकडे तोंड करून बसले होते. काजळीने कान टवकारले आणि सरळ गल्लीत वळली. त्यांनी लगाम ओढला, टाच मारली. ती आली, मान आत घातली आणि गाजर खायला लागली.

वाजंत्री थांबली. धाकटे सरकार म्हणाले, "घोडी बिथरली आहे."

जहागीरदार खाली उतरले. "बिथरलेलं जनावर असं खात नाही," ते म्हणाले. नवरीही उतरली. तिने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या गाजराकडे. तिची मला दया आली, पण हात काही मागे घेतला नाही मी.

धाकटे सरकार घोडीवरून वाकून मला हळूच म्हणाले, "हिला जायला सांग."

"मी कशी सांगणार, सरकार? आपली ओळख नाही."

"पाया पडतो तुझ्या."

याच शब्दांसाठी मी इतके दिवस थांबले होते, ताई. आणि ते ऐकताना मला जेवढं बरं वाटायला हवं होतं तेवढं वाटलं. खोटं कशाला बोलू. मी मोठ्याने म्हणाले, "तुमचं खरं आहे, सरकार. या गल्लीत पाऊल तुम्ही कधी टाकलं नाहीत. घोडीने टाकलं." मग बाबांना हाताला धरून दारात आणलं. "आता यांच्यासमोर सांगा, लगाम कोणी दिला."

थोरले सरकार मागून ओरडत होते. धाकट्यांनी बाबांकडे बघितलं. चेहरा पांढराफटक.

"मी दिला," ते पुटपुटले.

"मोठ्याने."

"मी दिला होता. यांनी चोरला नाही."

मी जिभेने टकटक केलं. काजळीने मान बाहेर काढली आणि निघाली. एवढंच लागत होतं. नवरीची बग्गी मात्र आलेल्या वाटेने परत गेली, लग्न तिथेच मोडलं.

थोरल्या सरकारांनी बाबांना बोलावणं धाडलं. बाबांनी निरोप दिला, "जिथे काढलंत, तिथेच बोलवा. सगळी पागा उभी करा." काल तसं झालं तेव्हाच ते गेले, आणि आपला चाबूक परत घेऊन आले.

इथे पत्र संपवलं तरी चालेल. पण तू विचारशील, म्हणून तेही लिहिते. काल दुपारी, बाबा पागेत असताना, तो आला. चालत आला. दार बंद होतं. बाहेरून म्हणाला, "आता कोणी आड येत नाही. मी घर सोडलं. तू म्हणशील तिथे जाऊ, उघडपणे लग्न करू." आवाज खरा वाटत होता. तो पागेत खोटं बोलला होता तेव्हाही असाच वाटला होता.

ताई, माझा हात कडीवर होता. कडी अर्धी सरकलीसुद्धा. मिरवणुकीच्या दिवशी दार मी सुडासाठीच उघडलं, असं मी बाबांना सांगितलंय, मावशीला सांगितलंय. तुला सांगते, काजळी वळली तेव्हा क्षणभर मला वाटलं, तोच वळला.

मग मला बाबांची भिंतीकडे वळलेली पाठ आठवली. मी आतूनच म्हणाले, "या गल्लीत तुम्ही कधी आलाच नाहीत, सरकार. आजही आला नाहीत."

तो मग गेला. जाताना त्याची पावलं वाजली, पण मला ती ओळखता आली नाहीत. आजवर तो नेहमी टापांतच आला होता.

उत्तर लवकर पाठव. कडीवरच्या माझ्या हाताची चौकशी करू नकोस, तो ठीक आहे.

कडी लावून बसलेली,
तुझी धाकटी