सीट दाबायला माणूस लागतं

ती. वन्संना,
तुमच्या भावजयीचा वाकून नमस्कार. (पूर्ण वाकता येत नाही, कंबर धरलीय, कारण पुढे येईलच.) तुमचा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला थांबला का? फोनच केला असता, पण फोन कानाला लावला की तुमच्या आई शेजारी येऊन कान देतात, म्हणून पत्र. अक्षराला हसू नका, माझी शाळा चौथीतच संपली.

आधी उपकार मानते. रविवारी या आणि आईंना घेऊन जा, नाहीतर मीच बसमध्ये बसवून देते, असं मी तुम्हाला रागाने कळवलं होतं. तुम्हाला गुडघ्यामुळे येता आलं नाही. तुमच्या गुडघ्याचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. रागाचं कारण तुम्हाला ठाऊक आहेच. येईल-जाईल त्याला आई सांगायच्या, आमच्या घरात बाईमाणूस एकच, ती मी. दुसरी टांग टाकून फटफटीवर फिरते. आता हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात सकाळची पाळी पहिल्या बसच्या आधी लागते, तर मी काय उडत जाऊ? तुमचे बंधू ट्रक घेऊन महिना महिना बाहेर, त्यांची मोटरसायकल दारात गंजत ठेवू?

तर त्याच रविवारी गाडीने मान टाकली. बटण दाबलं की नुसतं टिकटिक. किक या गाडीला दिलेलीच नाही (ज्याने हे डोकं चालवलं त्याला एकदा आमच्या धुलाईत उभा करायचाय). माझे दोन उशीर आधीच झालेत, तिसऱ्याला मुकादमीण घरी बसवणार. बॅटरीवाला म्हणाला, जुनी मेली, नवी घ्या, बसवायला आज माणूस नाही, पण त्यात काय, दोन तर स्क्रू. मेल्याने हे नाही सांगितलं की स्क्रू सीटखाली आहेत आणि सीट उघडत नाही. बंधूंना फोन केला तर म्हणाले, लॉक अडकतं, सीट जोरात दाब आणि दाबून धरूनच चावी फिरव. चावी कुठे, तर मागे खाली डाव्या अंगाला. दाबायची जागा कुठे, तर मध्यभागी. मी काय अष्टभुजा आहे? गाडी मधल्या स्टँडवर घेऊन सीटवर ओल्या कपड्यांचं टोपलं ठेवलं, काही नाही. तांदळाची गोणी चढवली, ती घसरून माझ्या कमरेवर आली. (हे ते कारण.) मग मी स्वतःच आडवी पडले, पण माझं वजन ते काय, वाळत घातलेल्या चादरीएवढं.

हे सगळं आई दारात स्टुलावर बसून बघत होत्या. तोंड चालूच. जरा डावीकडे, हात आहेत का लाकडं, माझ्या वेळी असं नव्हतं. मी म्हटलं, तुमच्या वेळी बॅटरी नव्हती! मग काय झालं कुणास ठाऊक, उठल्या, स्टूल गाडीला लावलं, माझा खांदा धरला आणि वन्सं, तुमच्या आईंनी टांग टाकली. वजन मी लिहीत नाही, तुम्ही लेक आहात. खट्ट! लॉक सुटलं. मला रडूच आलं. पण सीट उघडायची तर आधी त्यांनी उतरायला हवं ना? त्या उतरेनात. हँडल धरून समोर बघत बसल्या. म्हणाल्या, "थांब गं जरा, कुणाची घाई आहे तुला?"

शेवटी उतरल्या, आणि पुढेही त्याच कामाला आल्या. बंधू फोनवर सांगत होते आधी कुठली वायर काढायची, तेवढ्यात ट्रकाची घरघर. मला ऐकू आलं लाल. आई म्हणाल्या, "काळी म्हणाला तो. पोटात होता तेव्हापासून मला कळतं त्याचं बोलणं." (नंतर विचारलं, काळीच.) नवी बसवताना स्क्रूखालचं नट सारखं आत पडायचं. मी चार शिव्या दिल्या, त्यांनी चिंधीची गुंडाळी करून नटाखाली सारली, नट वर आलं. बटण दाबलं आणि गाडी अशी गुरगुरली की मी आईंच्या गळ्यात पडले. आजवर कधी पडले नव्हते, त्याही गडबडल्या. मग त्यांनी हॉर्न कुठला ते विचारलं आणि इतका वेळ दाबला की समोरचा शिंपी कात्री घेऊन बाहेर आला. सोमवारी मी मुकादमिणीच्या आधी पोचले.

बाकी ठीक. भावोजींना नमस्कार.
तुमची भावजय

ता.क. सीटचं लॉक नीट करून घ्या असं बंधू म्हणतात. मी नाही करणार. घरात माणूस आहे.

ता.क. दुसरा. येत्या रविवारी नक्की येते, असा तुमचा निरोप मिळाला. येऊ नका. रागाच्या भरात भरून ठेवलेली आईंची बॅग मी सोडली, कपडे जागच्या जागी लावले. त्यांनी बघितलं आणि एक घडी मोडून परत घातली.

ता.क. तिसरा, आणि खरं काम हेच. निघालाच असाल तर भावोजींचं जुनं हेल्मेट घेऊन या. माझं आईंच्या अंबाड्यावर बसत नाही, आणि बाजारात माझ्या मागे बसून जाणार असं त्यांनी शेजारणीला आधीच सांगून टाकलंय. हेल्मेट ठेवा, चहा प्या, आणि एकट्याच परत जा.