छातीवरचा तळवा

सावेडी, १९ नोव्हेंबर १९९८, संध्याकाळ

यांना आज खरं सांगायचं ठरवलं होतं. जमलं नाही.

पुण्याच्या डॉक्टरांनी अँजिओग्राफी करून सांगितलं, रक्तवाहिन्या फार बारीक आहेत, बायपास होणार नाही. मग परवा भाची सुजाता बोलता बोलता म्हणाली, परदेशात पेशींमध्ये जनुक घालून त्या हृदयात सोडतात, नव्या रक्तवाहिन्या फुटतात म्हणे. अजून प्रयोगच चाललेत, हेही म्हणाली. ते यांनी ऐकलंच नाही.

अँजिओग्राफीचा डाय, म्हणजे फोटोत रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून सोडतात तो रंग, आत गेला तेव्हा यांच्या छातीत ऊब पसरली होती. तेच ते औषध, असं धरून बसलेत. "उगाच का मला घरी सोडलं?"

हे नळाचे फिटर होते. नवी लाईन जोडली की पाइपवर तळवा ठेवून बसायचे. पाणी यायच्या आधी पाइप थरथरतो म्हणे. आता तसाच तळवा छातीवर. जेवताना, बातम्या बघतानासुद्धा.

आज माझा हात ओढून तिथे ठेवला. "बघ, लागतंय का? आलं ना?"

काय लागणार? एक ठोका, मग काहीच नाही, मग दोन घाईघाईने.

"हो, आलं की," म्हटलं मी. का म्हटलं? तो चेहरा बघून दुसरं काय बोलणार होते?

तर लगेच सायकल काढली. उद्या पार शहराच्या दुसऱ्या टोकाला, केडगावला जाऊन येतो म्हणतात. अंगणात हवा भरतायत. पंपाचा आवाज थांबला की माझं पेन थांबतं. तळव्याला अजून ते ठोके लागतायत.

आत्ता थांबलाय आवाज. उठते.